फॉगच्या आधीचा जगप्रवासी वसईत

ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी दुपारी साडेचारला मुंबईत उतरतो आणि रात्री आठच्या आगगाडीने निघूनही जातो. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागलेली. शहर पाहतो कोण! व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नव्हता.

त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, १६९५ मध्ये, एक खरा पृथ्वीप्रदक्षिणाकार दमणहून वसईत आला. जेमेल्ली कारेरी, इटलीतला कायदेपंडित. ना स्वतःचे जहाज, ना राजाश्रय. व्यापारी जहाजांवर भाडे भरून जायचे, एका बंदरात घेतलेला माल पुढच्या बंदरात विकून खर्च भागवायचा, ही त्याची रीत. (फॉगकडे मात्र नोटांनी भरलेली पिशवी होती.)

पोर्तुगीजांची वैभवशाली वसई त्याला साथीच्या रोगाने बरीचशी ओस पडलेली दिसली. येथूनच तो कान्हेरीची लेणी पाहून आला. पुढे कृष्णाकाठी गलगलीच्या छावणीत त्याने वृद्ध औरंगजेबाची भेट घेतली. मग चीन, मनिला, मेक्सिको. १६९३ ते १६९८, साडेपाच वर्षे.

त्याचा ग्रंथ युरोपात गाजला, परंतु अनेकांनी त्याला थापाड्या ठरवले. हा गृहस्थ घराबाहेर पडलाच नाही, अशीही वदंता होती. पुढे हम्बोल्टने मेक्सिकोच्या वर्णनातले बारकावे तपासून त्याची बाजू घेतली. व्हर्नला कल्पना कारेरीवरूनच सुचली, असे काहीजण मानतात.

कारेरीने पाहिलेली ही वसई चव्वेचाळीस वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी जिंकली.