सूक्ष्मगुरुत्वातील संघनन : अभ्यास-साधनांच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात गोदावरी नदीवर खडका येथे बंधारा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्राला या बंधाऱ्यातून पाणी पुरविले जाते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणे, म्हणजेच संघनन, यासाठी केंद्राला मोठ्या प्रमाणावर थंड पाणी लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. संघननासाठी पाणी लागते, हे मराठवाड्याने अशा प्रकारे अनुभवले आहे. तथापि या प्रक्रियेत गुरुत्वाकर्षणाचाही तितकाच वाटा असतो. ते विनामूल्य मिळत असल्याने त्याची जाणीव होत नाही. अंतराळयानात मात्र ते उपलब्ध नसते. त्याच्या अभावी संघनन कसे घडते, हे तपासणाऱ्या साधनांचा विकास कसा झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

गुरुत्वाकर्षणाची भूमिका :

जेम्स वॅट याने १७६९ मध्ये स्वतंत्र कंडेन्सर असलेल्या वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. तेव्हापासून कंडेन्सरच्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरली गेली : वाफेचे झालेले पाणी आपोआप खाली पडते. विद्युत केंद्राच्या कंडेन्सरमध्ये नळ्यांतून थंड पाणी वाहते, नळ्यांच्या बाहेरून वाफ येते आणि संघनित पाणी तळाच्या टाकीत साचते. पाण्याचा थर नळीवर साचून राहिला, तर तोच उष्णतेच्या मार्गातील अडथळा ठरतो.

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१६ मध्ये या थराचा गणिती सिद्धांत मांडला. त्यांच्या सूत्रानुसार उष्णता संक्रमणाचा गुणांक गुरुत्वाकर्षणाच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे गुरुत्वाकर्षण दहा हजारपटीने कमी झाले, तर हा गुणांक एक दशांश होईल. पाण्याचा थर केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहतो, या गृहीतकावर हे सूत्र आधारलेले आहे. त्यामुळे अंतराळात थराला वाहून नेणारे दुसरे बल शोधणे अपरिहार्य ठरले.

उष्णता-नलिका :

असे एक बल पृष्ठताणातून मिळाले. कंदिलाची वात जसे तेल वर ओढते, तसे बंद नळीच्या आतील सच्छिद्र अस्तर संघनित द्रव उष्ण टोकाकडे परत नेते. ही कल्पना रिचर्ड गॉग्लर यांच्या १९४४ च्या अमेरिकी पेटंटमध्ये आढळते. १९६३ मध्ये लॉस अलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे विकसित केली आणि १९६७ मध्ये अशी नलिका प्रथम कक्षेत तपासली गेली. आज भारतीय दळणवळण उपग्रहांमध्येही उष्णता-नलिका वापरल्या जातात.

सेकंदांपासून महिन्यांपर्यंत :

मोठ्या क्षमतेच्या यंत्रणांसाठी मात्र द्रव वेगाने वाहता ठेवणाऱ्या नळ्यांचा अभ्यास आवश्यक होता. त्यासाठी लागणारी वजनरहित अवस्था प्रथम मनोऱ्यातून उपकरण खाली सोडून मिळविण्यात आली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील नासाच्या केंद्रात १९६६ पासून वापरात असलेल्या निर्वात विवरात १३२ मीटरच्या पतनातून ५.१८ सेकंद मिळतात. चेन्नई येथील आय.आय.टी. मद्रासमध्येही २.५ सेकंदांचा पतन-मनोरा आहे. पॅराबोलिक मार्गाने उडणाऱ्या विमानात प्रत्येक फेरीत सुमारे २० सेकंद मिळतात. परंतु नळीच्या भिंतीचे तापमान स्थिर होण्यास याहून अधिक काळ लागू शकतो.

पर्ड्यू विद्यापीठातील इसाम मुदावर आणि नासातील सहकाऱ्यांच्या विमानातील प्रयोगांत महत्त्वाचे निरीक्षण मिळाले. कमी वेगाच्या प्रवाहात चंद्र व मंगळावरील गुरुत्वाकर्षणाइतक्या स्थितीत द्रवाचा थर नळीच्या तळाशी जाड होतो. सूक्ष्मगुरुत्वात मात्र तो सर्व बाजूंनी समान राहतो. वेग वाढविल्यास हा भेद जवळजवळ नाहीसा होतो.

याच गटाचे उत्कलन व संघननाचे संयुक्त उपकरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी तयार झाले. त्याचा उत्कलन-विभाग ऑगस्ट २०२१ मध्ये, तर संघनन-विभाग ऑगस्ट २०२३ मध्ये पाठविण्यात आला. संघनन-विभागातील नळीतून परफ्लुओरोहेक्झेनची वाफ वाहते आणि तिच्याभोवतीचे पाणी उलट दिशेने वाहून उष्णता शोषून घेते. स्थानकावर वेळेची मर्यादा महिन्यांपर्यंत विस्तारली.

भारतीय संदर्भ :

भारताने जानेवारी २००७ मध्ये ५५० किलो वजनाची एस.आर.ई.-१ ही कुपी कक्षेत पाठवून परत आणली. तिच्यात सूक्ष्मगुरुत्वातील पदार्थविज्ञानाचे प्रयोग होते. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर नेलेल्या सात भारतीय प्रयोगांचा भर प्रामुख्याने जीवविज्ञानावर होता. उष्णता संक्रमणाचा त्यात समावेश नव्हता. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे भारताचे उद्दिष्ट पाहता ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे.

समारोप :

वरील इतिहास हा प्रामुख्याने वजनरहित वेळ वाढविण्याचा इतिहास आहे. परंतु अभ्यासाचा प्रारंभ अंतराळातच व्हावा लागतो, असे नाही. एकच नळी आडवी, उभी वरच्या दिशेने आणि उभी खालच्या दिशेने ठेवून संघनन मोजता येते. ज्या वेगाला तिन्ही निष्कर्ष जुळतात, त्या वेगाला गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव नगण्य मानता येतो. असा प्रयोग जिल्हा पातळीवरील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही शक्य आहे. संघननाला लागणाऱ्या पाण्याची किंमत जाणणाऱ्या गोदाकाठच्या विद्यार्थ्यांना त्यातील गुरुत्वाकर्षणाचा वाटाही यातून मोजता येईल.