गाबार
गाबार : नैर्ऋत्य फ्रान्समधील दॉर्दोन्य नदीवरची सपाट बुडाची मालवाहू होडी. कोरेझ भागातील स्पाँतूरसारख्या काठावरच्या लहान गावांचे पोट १८व्या व १९व्या शतकांत बरेचसे या होड्यांवर चाले. तेथे शेतजमीन थोडी व उताराची, जंगल मात्र भरपूर. ओक फोडून दारूच्या पिंपांसाठी फळ्या काढीत. द्राक्षवेलींना आधार देणारे खांबही तयार करीत. नदी एरवी उथळ व खडकाळ असल्याने मुख्यतः वसंतात आणि शरदात, पाणी चढले की होड्या सुटत. माल बर्जराक, लिबूर्न या मद्यव्यापाराच्या गावी विकला जाई. रिकामी होडी प्रवाहाविरुद्ध ओढत आणणे परवडत नसे. म्हणून ती एकाच फेरीपुरती बांधत, माल उतरला की मोडून लाकडाच्या भावात विकत आणि नावाडी बहुधा पायीच घरी परतत. सुयाक गावाच्या खालच्या टप्प्यात मात्र भक्कम होड्या मीठ घेऊन वरही येत. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेमुळे ही वाहतूक खालावली. २०व्या शतकातील धरणांमुळे वरचा जलमार्ग कायमचा बंद झाला.