फाळाला लागलेला ठेवा



नांगरट चालू आहे, फाळ खणकन वाजतो आणि ढेकळातून काळवंडलेली चार नाणी वर येतात. काय कराल? पूर्वी अशा वेळी पायाळू माणसाला बोलावत. त्याला जमिनीतलं धन दिसतं, असा समज होता. आता कुणी धातुशोधक यंत्र घेऊन येतो आणि वाटणी मागतो. त्याला हो म्हणण्याआधी आपल्याच मुलखातल्या दोन हकिगती वाचा.

पहिली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीची. तिथं १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तपासलेली नाणी भरली १३,२५० च्या वर. सगळी क्षहरात कुळातल्या नहपान राजाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्रानं क्षहरातांचा नाश केला, असं नाशिकच्या पांडवलेण्यांतला शिलालेख सांगतो. या नाण्यांनी त्याची साक्ष दिली. हीच नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर चांदी उरली असती, साक्ष गेली असती.

दुसरी हकिगत दायमाबादची. हे ठिकाण अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी आहे. १९७४ साली तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं वजन मिळून ६० किलोहून जास्त. त्या मोडीत गेल्या नाहीत, म्हणून आज देशाचा ठेवा आहेत. पण त्या कोणत्या थरातून, कशाच्या शेजारून निघाल्या, हे जाणत्या माणसानं जागेवर पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला. म्हणजे वस्तू हाती आली, तरी तिचा पत्ता हरवला.

यंत्र नेमकं हेच करतं. ते फक्त धातू ओळखतं. जुनं नाणं असो की बैलाची तुटकी नाल, ते दोन्हींवर वाजतं. नाण्याएवढी वस्तू त्याला वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. खापर, मणी, हाड, जळकं धान्य यांची त्याला दखलच नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला १९६८ पासून झालेल्या उत्खननात तीन हजार वर्षांमागच्या शेतकऱ्यांचं जळकं सातूचं धान्य मिळालं, पाण्याचा पाटही मिळाला. त्यावर कोणतंही यंत्र वाजलं नसतं. आणि नाण्यासाठी कुणी खड्डे पाडले असते तर ते सगळं उधळलं असतं. गावची पांढरी उकरू नका, असं म्हणतो ते याचसाठी.

कायदाही ध्यानात ठेवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ठेव्याला मालक नाही असं ठरलं आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारनं ठेवा घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. लपवलं तर हिस्साही जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा एवढं करा:

१. काही लागलं की तिथंच औत थांबवा. आणखी खणू नका.
२. जागेवर खुंटी ठोका. खोली आणि बांधापासूनचं अंतर लिहून ठेवा.
३. वस्तू चिंचेनं, राखेनं घासू नका. आटवू नका, वाटून घेऊ नका. फुटकं मडकं आणि खापऱ्याही जपा.
४. पोलीस पाटील आणि तलाठ्याला सांगा. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बियाण्याची पिशवी फेकली तरी चिठ्ठी आपण जपून ठेवतो, कारण वाण कोणता ते तीच सांगते. जमिनीतल्या ठेव्याची चिठ्ठी म्हणजे ती जागा. ती फाडू नका.