लेखकाने कोणाचे ऐकावे?

लिहून झालेल्या मजकुरावर लेखकाने पुन्हा हात फिरवावा काय, आणि वाचकाच्या शब्दाला किती मान द्यावा, हा वाद छापखान्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. आम्हां नागपूरकरांना त्याचा माग काढण्यासाठी फार दूर जावयास नको. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. त्या पंथाच्या परंपरेत सातशे वर्षांपूर्वीची तीन उत्तरे सापडतात, आणि तिन्ही निरनिराळी आहेत.

पहिले म्हाइंभटांचे. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी ते ज्याने त्याने जे पाहिले ते विचारीत गावोगाव हिंडले. मिळालेली लीळा नागदेवाचार्यांपुढे ठेवावयाची, ते नाही म्हणतील ती गाळावयाची, अशी त्यांची रीत होती. लीळाचरित्राची मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली. शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, आणि जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे दोन्ही पाठ नोंदवून ठेवले. नागपूरच्या डॉ. वि. भि. कोलते यांनी पोथ्या ताडून १९७८ साली या ग्रंथाची प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे हे पाठभेदांचे रान उभे होते.

दुसरे उत्तर नरेंद्र कवीचे. त्याचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकून देवगिरीचा रामदेवराव यादव लुब्ध झाला आणि, आख्यायिका सांगते, सोने देऊ करून म्हणाला, ‘या काव्यावर माझे नाव घाल.’ कवीने साफ नाकारले. पोथी राजाकडे राहिली. भावांच्या साहाय्याने जेवढ्या ओव्या पाठ करता आल्या तेवढ्याच घेऊन तो निघाला, आणि पुढे पंथात आला.

तिसरे भास्करभट्ट बोरीकरांचे. त्यांचा ‘शिशुपालवध’ ऐकून गुरुबंधूंनी अभिप्राय दिला की ग्रंथ चांगला आहे, पण शृंगाराने भरलेला. विरक्तांच्या उपयोगाचा नाही. भास्करभट्टांनी ‘शिशुपालवध’ फाडला नाही, त्यातला शृंगारही खरवडला नाही. त्यांनी ‘उद्धवगीता’ हा नवा ग्रंथ लिहिला. आज मराठीजवळ दोन्ही आहेत.

कादंबरी छापून आली की आम्हां शाळामास्तर लेखकांनाही पत्रे येतात. एक म्हणतो, नायिकेला मारू नका. दुसरा म्हणतो, आमच्या वऱ्हाडात लग्नाची ही रीत अशी नसते. तिसऱ्याला मुलांच्या हाती देता येईल असे पुस्तक हवे असते. तिघेही वाचकच, पण तिघांचे मागणे एक नव्हे. रीत सांगणारा म्हाइंभटांच्या साक्षीदारासारखा आहे. त्याचे ऐकून दुसऱ्या आवृत्तीत ओळ बदलावी, त्यात कमीपणा नाही. वेगळे पुस्तक मागणाऱ्याला वेगळे पुस्तक द्यावे. जुन्याची मोडतोड करू नये. पण शेवट गोड करून मागणारा, मग त्याचे प्रेम कितीही खरे असो, त्या राजासारखे कृतीवर आपले नाव घालू पाहतो. हल्ली सोन्याऐवजी खपाचे आमिष असते, इतकेच. त्याला नमस्कार करावा आणि पोथी जवळ ठेवावी.

नरेंद्राला अर्धीमुर्धी का होईना, स्वतःची पोथी घेऊन जाता आली. राजाचे नाव घातले असते तर ती अखंड राहिली असती, पण त्याची राहिली नसती.