रिद्धपूरची पोथी आणि मुक्त कार्यप्रणालींचीं भांडारें

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें स्थान आहे. श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्य येथलें. आणि मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ जो 'लीळाचरित्र', तोहि म्हाइंभटांनीं शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या, सुमारास येथेंच सिद्ध केला. श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन त्या विचारावयाच्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावयाच्या आणि मगच लिहावयाच्या, अशी त्यांची रीत होती. पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या धामधुमींत मूळ प्रत नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. ज्यांस जें स्मरत होतें त्यावरून शिष्यांनीं ग्रंथ पुनः उभा केला. अर्थातच त्याचे पाठ निरनिराळे झाले. आणि अमक्याच्या सांगण्याप्रमाणें हें वाक्य असें आहे, ही नोंद 'वासना' या नांवानें पोथींतच करून ठेवण्याची चाल पडली.

एकानें तयार केलेली कृति हजारों हातीं जशीच्या तशी कशी पोंचवावी, तींत सुधारणा झाली तर ती सर्वांस कशी कळावी, आणि हातीं आलेली प्रत खरी हें कशावरून ओळखावें, हे प्रश्न लेखनकलेइतकेच जुने आहेत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेच प्रश्न संगणकाच्या आज्ञावली लिहिणारांपुढें नव्या रूपानें उभे राहिले. त्यांनीं काढलेल्या तोडग्यांचा इतिहास मनोरंजक आहे, आणि आज ज्याच्या घरीं संगणक आहे त्याच्याशीं त्याचा जवळचा संबंध आहे.

अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' हा उपक्रम जाहीर केला. आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांस वाचतां यावी, बदलतां यावी व दुसऱ्यास देतां यावी, हें त्याचें तत्त्व. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें 'लिनक्स'चा गाभा लिहिला. दोहोंच्या मिलाफानें एक संपूर्ण कार्यप्रणाली झाली खरी, परंतु ती कोणा एका दुकानीं मिळणारी वस्तु नव्हती. तिचे शेंकडों भाग शेंकडों लोकांनीं लिहिलेले. ते आणावयाचे, यंत्राच्या भाषेंत उतरावयाचे आणि योग्य जागीं ठेवावयाचे, हें काम ज्याचें त्यानें करावयाचें.

त्यांतहि खरी अडचण निराळीच होती. एक आज्ञावली दुसरीवर अवलंबून असते. साधें मराठी पत्र पडद्यावर उमटविण्याचें उदाहरण घ्यावें. लिहिण्याची आज्ञावली पाहिजे. तिला देवनागरीचीं मुद्राक्षरें पाहिजेत. आणि 'क्ष' किंवा 'र्‍या' यांसारखीं जोडाक्षरें नीट जुळवून देणारी आणखी एक सहायक आज्ञावलीहि पाहिजे. यांतील एक नसेल किंवा जुनी असेल, तर अक्षरांच्या जागीं नुसते चौकोन दिसतात. सूत्र पोथींत आहे, पण त्याचा दृष्टांत ज्या पोथींत आहे ती जवळ नाहीं, अशा वाचकासारखी ही स्थिति होय.

म्हणून आज्ञावली, तिच्या फायली आणि तिच्याविषयींची माहिती एकत्र बांधून देण्याची पद्धत निघाली. अशा बांधलेल्या संचास 'पॅकेज' म्हणतात. पोथी ज्या वस्त्रांत बांधतात त्या बासनाची आठवण येथें कोणासहि व्हावी. १९९३ सालीं पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनीं काढलेल्या 'स्लॅकवेअर'मध्यें हें बासन अगदीं साधें होतें. फायली एकत्र बांधल्या कीं झालें. कोणास कोणाची गरज आहे, हें वापरणारानेंच जाणावें. ही साधी रीत त्या संप्रदायानें आजपर्यंत जपली आहे.

त्याच वर्षीं १६ ऑगस्ट रोजीं इयन मर्डॉक यांनीं 'डेबियन'ची घोषणा केली. तेथें प्रत्येक पॅकेजाबरोबर एक नोंदपत्र असतें: नांव, आवृत्ति, सांभाळणाराचें नांव आणि ज्यांच्यावांचून तें चालणार नाहीं अशा इतर पॅकेजांची यादी. 'रेड हॅट' कंपनीनें १९९५ सालीं 'आर-पी-एम' ही आपली निराळी पद्धत आणली. हीं साधनें आरंभीं अमुक वस्तु नाहीं एवढें सांगून थांबत. ती वस्तु शोधावी तर तिला तिसरीच हवी असे. या फेऱ्यास त्या मंडळींत 'अवलंबनाचा नरक' असेंच नांव पडलें. डेबियननें १९९८ सालीं 'ॲप्ट' नांवाचें साधन काढलें. तें सर्व यादी वाचून, लागणाऱ्या गोष्टी दूरच्या भांडारांतून आपण होऊन आणूं लागलें. रेड हॅटच्या पंथांत तेंच काम पुढें 'यम'नें, आणि फेडोरामध्यें २०१५ पासून 'डी-एन-एफ'नें केलें.

'फ्री-बी-एस-डी' या युनिक्सच्या वंशजानें दुसरी वाट धरली. जॉर्डन हबर्ड यांनीं १९९४ सालीं तेथें 'पोर्ट्स' सुरू केले. यांत तयार वस्तु न देतां कृति दिलेली असते: मूळ संहिता कोठून आणावी, तींत काय दुरुस्ती करावी, ती कशी उतरावी. फराळाचा डबा पाठविण्याऐवजीं पाककृति पाठवावी, तसें हें. आपल्या यंत्रास सोईचे फेरफार त्यांत करतां येतात. वेळ मात्र पुष्कळ जातो. ज्यांस तो नसेल त्यांच्यासाठीं तयार पॅकेजेंहि तेथें ठेवलेलीं असतात. 'जेंटू' या लिनक्सनें ही कल्पना तिकडूनच उचलली.

तिसरी वाट हॉलंडमधील एल्को डोल्स्त्रा यांची. २००३ सालीं त्यांनीं 'निक्स'चें काम आरंभिलें व २००६ सालीं उत्रेख्त येथें त्यावर प्रबंध लिहिला. डेबियनमध्यें नवी आवृत्ति आली कीं ती सामान्यतः जुनीच्या जागीं बसते. निक्समध्यें प्रत्येक आवृत्तीस, ती ज्या घटकांपासून झाली त्यांवरून काढलेली खूण असलेलें स्वतंत्र स्थान मिळतें. दोन आवृत्त्या शेजारीं शेजारीं नांदतात, आणि नवी बिघडली तर जुनीकडे परततां येतें. एकच पाठ ग्राह्य धरून बाकीचे बाजूस ठेवावे, कीं 'वासना' नोंदून सर्वच जवळ ठेवावे, हा वाद महानुभाव पोथ्यांच्या संपादकांस परिचित आहे. एकपाठी पोथी वाचण्यास सुलभ. बहुपाठी पोथी जाड होते, पण कांहीं हरवत नाहीं. निक्सलाहि जागा अधिक लागते.

परंतु या सर्वांत मोलाचा प्रश्न विश्वासाचा. डेबियनमध्यें नवें पॅकेज प्रथम 'अस्थिर' शाखेंत येतें, तेथें टिकल्यास 'कसोटी'च्या शाखेंत जातें आणि पुष्कळ काळानें 'स्थिर' आवृत्तींत प्रवेश करतें. भांडाराच्या यादीवर गुप्तलेखनशास्त्राच्या आधारें सही असते. ही सावधगिरी किती जरूर आहे, हें २०२४ च्या मार्च महिन्यांत सर्वांस कळलें. 'एक्स-झेड' या फायली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीच्या कामांत टोपणनांवानें शिरलेल्या एका इसमानें दोन-अडीच वर्षें खपून विश्वास संपादन केला, आणि मग तींत परयंत्रांत शिरण्याचें चोरदार बसविलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तें दार उघडणारा एक दुवा सर्वांस दिसणाऱ्या मूळ भांडारांत नव्हताच. वांटपासाठीं बांधलेल्या संचांत तेवढा घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या जाणत्या माणसास दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यानें त्याचा माग काढला व २९ मार्च रोजीं कपट उघड केलें. डेबियनच्या 'स्थिर' शाखेपर्यंत तें पोंचलें नव्हतें.

येथें पुनः रिद्धपूरच्या परंपरेकडे वळावेंसें वाटतें. चौदाव्या शतकांत महानुभावांनीं आपले ग्रंथ 'सकळ' आदि सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. अक्षराच्या जागीं अक्षर बदलून केलेल्या त्या लिप्यांनीं पोथ्या परक्यांच्या हातापासून रक्षिल्या. पंथाबाहेरचा महाराष्ट्र मात्र आपल्याच आद्य गद्यास शतकानुशतकें मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या खटपटीनें तीं कुलुपें निघालीं. १९७८ सालीं डॉ. वि. भि. कोलते यांनीं अनेक प्रती ताडून पाहून 'लीळाचरित्र' संपादिलें. हें काम पोथ्या उघडल्या गेल्या म्हणूनच झालें. संहिता झांकून ठेवावी म्हणजे ती सुरक्षित राहते, हें अर्धें सत्य आहे. एक्स-झेडचें कपट उघड्या संहितेंतच घडलें, हें खरें. पण संशय येतांच कोणासहि आंत डोकावतां आलें, म्हणूनच तें सांपडलें.

मराठी घरासहि या भांडारांचें ऋण आहे. रेड हॅटनें २००४ सालीं 'लोहित' मुद्राक्षरें मुक्त केलीं, आणि तीं ठिकठिकाणच्या भांडारांतून देवनागरी वाचणारांस मिळूं लागलीं. 'सी-डॅक' या सरकारी संस्थेनें २००७ सालीं काढलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच उभारलेली आहे. रिद्धपूर येथील मराठी भाषा विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून २०२४ सालीं महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगांवकर यांची नेमणूक झाली. जेथें म्हाइंभटांनीं एकेक लीळा साक्षीदारास विचारून लिहिली, तेथील विद्यार्थी यापुढें संगणकावर मराठी लिहितील. त्यांच्या पडद्यावरील प्रत्येक अक्षरामागें कोणा तरी अनोळखी माणसानें सांभाळलेलें एक बासन असेल. सांभाळणाराचें नांव त्यावर लिहिलेलें असतें. तें एकदां तरी वाचावें, आणि जमल्यास त्याच्या कामास हात लावावा.