खेल्लाच्या बियांपासून दम्याच्या औषधापर्यंत



दम्याने कासावीस झालेले मूल रात्रभर उशीला टेकून बसलेले ज्या आईबापांनी पाहिले असेल, त्यांना ही हकीकत आपलीशी वाटेल.

इजिप्तमध्ये खेल्ला नावाचे एक रोप उगवते. आपल्या घरातील ओवा, जिरे, बडीशेप यांच्याच कुळातले. त्याच्या बियांचा काढा तेथील खेडूत मूतखड्याच्या कळांवर पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. १८७९ साली इब्राहिम मुस्तफा यांनी या बियांतून ‘खेलीन’ हा पदार्थ वेगळा काढला. पुढे १९४० नंतरच्या दशकात कैरो येथे प्राध्यापक अनरेप यांनी त्याचा अभ्यास केला. आवळलेले स्नायू तो सैल करतो, असे दिसून आले. दम्यात श्वासनलिकांचे स्नायूच आवळतात. म्हणून तेथेही आशा वाटू लागली. परंतु खेलीनने मळमळ फार होई.

येथे एका जिद्दी माणसाचा प्रवेश होतो. डॉ. रॉजर अल्टुन्यान यांचा जन्म १९२२ साली सीरियातील अलेप्पो शहरी, आर्मेनियन डॉक्टरांच्या घराण्यात झाला. ते स्वतः दमेकरी होते. १९५६ साली ते इंग्लंडमधील एका औषध कंपनीत रुजू झाले. तेथील रसायनशास्त्रज्ञ खेलीनच्या धर्तीवर नवनवे पदार्थ बनवीत. डॉक्टरसाहेब गिनीपिगच्या केसांतील कोंड्याचा अर्क हुंगून मुद्दाम दमा ओढवून घेत आणि नवा पदार्थ किती उपयोगी पडतो हे स्वतःच्याच श्वासावर मोजीत. वर्षानुवर्षे हे चालले. अखेर १९६५ साली ‘क्रोमोग्लायकेट’ हाती लागले.

हे औषध गिळून उपयोग नव्हता, कारण आतड्यांतून ते फारसे शोषले जात नाही. महायुद्धात वैमानिकांना शिकविलेल्या या डॉक्टरांनी चिमुकल्या पंख्याचे एक उपकरण घडविले. श्वास ओढला की पंखा फिरे आणि भुकटी छातीत जाई. १९६८ साली औषध ब्रिटनच्या बाजारात आले.

आपल्या शरीरात ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात. ॲलर्जीचा पदार्थ भिडला की त्या हिस्टामिन सोडतात, आणि सूज व खाज सुरू होते. हे औषध त्या पेशींना आवर घालते. मात्र ते प्रतिबंधक आहे. उठलेली धाप ते थांबवीत नाही. आज दम्यासाठी हुंगावयाच्या स्टेरॉइडांनी त्याची जागा घेतली असली, तरी डोळ्यांच्या ॲलर्जीवर त्याचे थेंब अद्याप वापरतात.

वाचकहो, यातून बोध कोणता घ्यावा? आजीबाईच्या बटव्याला हसू नये, आणि त्यावर डोळे मिटून विसंबूही नये. खेल्लाचा काढा म्हणजे दम्याचे औषध नव्हे. काढा आणि औषध यांच्यामध्ये शंभरांहून कमी नव्हे इतक्या चाचण्या आणि पाऊणशेहून अधिक वर्षे उभी आहेत. मुलाला धाप लागली तर पालकांनी आधी डॉक्टर गाठावा. आणि मुलामुलींनो, तुमच्या अंगणातील रोपांचे गुण पारखून पाहणारी माणसे अजून हवी आहेत. त्यासाठी रसायनशास्त्राचे पुस्तक आजच उघडा.