अर्धी रांग आणि अर्धे घर



आपल्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आले ते एका लढाईमुळे. 1724 साली निजामउल्मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले. लढाईत कोण पडले हे इतिहास हौसेने लिहून ठेवतो. परंतु साथीत मेलेल्या गोरगरिबांची मोजदाद कोणी केली, कशी केली, आणि तिच्यावर विश्वास का ठेवावा, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तेच विचारणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे आणि गणितीही नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि जे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. पण आकड्याने न्याय मिळतो तसा आकड्याने गळाही कापला जातो, एवढे आम्ही जवळून पाहिले आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. थोड्याच महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारने घरे तपासणे, रोगी उचलून नेणे असे सक्तीचे उपाय चालविले. गिरणी कामगारांना इस्पितळाची इतकी धास्ती बसली की ऑक्टोबर 1896 मध्ये त्यांच्या एका जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. रोगी घरात लपविले जाऊ लागले, मृत्यू भलत्याच कारणाने नोंदले जाऊ लागले. म्हणजे भीतीने माणसे पळविली आणि आकडेही पळविले. शहरात माणसे किती उरली हे नक्की नाही, प्लेगने मेली किती हेही नक्की नाही. अशा वेळी अमुक औषध गुणकारी आहे, हे ठरवायचे कशावरून?

याच वेळी ओडेसात जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना लस टोचली. पुढे न टोचलेल्यांत 12 जणांना प्लेग झाला व 6 दगावले. टोचलेल्यांत 2 आजारी पडले, मेला कोणीच नाही. लस टोचण्यापूर्वीच ज्यांच्या अंगात रोग शिरला होता, त्यांना या हिशेबातून वगळावे लागले.

आकडे उत्साह वाढविणारे होते. पण शंका घेणाऱ्याने विचारले असते की, पुढे आले ते कोण होते? जो धट्टाकट्टा आहे, ज्याला जगण्याची उमेद आहे, तोच पुढे आला असेल आणि जो आधीच खचला आहे तो मागे राहिला असेल, तर हा गुण लशीचा की माणसाचा? तुरुंगाबाहेर तर ही शंका दुणावते. हवेशीर बंगल्यातला शेठ लस टोचून घेतो आणि वाचतो, चाळीतला हमाल टोचून घेत नाही आणि मरतो. यात लशीचा वाटा किती आणि बंगल्याचा किती? बैलांची शर्यत लावायची तर जोड्या सारख्या हव्यात, एका गाडीत दगड भरून कसे चालेल?

हाफकिन यांनी या शंकेला उत्तर शोधले ते जानेवारी 1898 मध्ये, मुंबईच्याच उमरखाडी तुरुंगात. कैद्यांना रांगेत बसविले आणि एक सोडून एकाला लस टोचली. शूर कोण, भित्रा कोण, सशक्त कोण, हे पाहिलेच नाही. दोन्ही निम्म्यांचे अन्न एक, पाणी एक, कोठड्या एक. फरक फक्त सुईचा. न टोचलेल्यांत 10 आजारी पडून 6 मेले. टोचलेल्यांत 3 आजारी पडले आणि तिघेही वाचले.

पण तुरुंग म्हणजे गाव नव्हे. गावाची परीक्षा पुढच्याच महिन्यात झाली, ती सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, उंढेरा नावाच्या खेड्यात. तेथे हाफकिन आणि बॅनरमन यांनी प्रत्येक घराचेच दोन भाग केले. पुरुष, बायका, मुले, निरोगी आणि अशक्त दोन्हीकडे सारखे येतील अशा बेताने घरातील निम्म्या माणसांना लस टोचली. चूल एक, छप्पर एक, घरातले उंदीरही तेच. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांचा हिशेब मांडला. टोचलेली माणसे 71, त्यांत आजारी 8, मृत 3. न टोचलेली 64, त्यांत आजारी 27, मृत 26. शेकड्याने पाहिले तर एका बाजूला सुमारे 4 आणि दुसऱ्या बाजूला सुमारे 41. येथे बंगला आणि चाळ हा भेद उरलाच नव्हता.

त्या 26 माणसांवरून घाईने पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे ते लोक केवळ दुसऱ्या निम्म्यात पडले म्हणून गेले. लशीचा गुण तेव्हा सिद्ध झालेला नव्हता, हे खरे. पण आज असा प्रयोग करायचा तर माणसाला सगळे समजावून सांगून त्याची मोकळी संमती घ्यावी लागते, आणि ज्याला बेडी घातली आहे त्याची संमती मोकळी कशी, हाही प्रश्न विचारला जातो. आपल्याला मिळालेल्या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हे ठाऊक असावे.

पुढे 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्या 107 पैकी 19 जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, नोकरी सुटली. परंतु तुलना येथेही कामास आली. मेलेले 19 ही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. दोष प्रयोगशाळेतील लशीचा असता तर तो एकाच बाटलीत कसा राहिला असता? रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी त्यांची बाजू घेतली आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 पासून हाफकिन यांचेच नाव आहे.

उंढेऱ्याच्या रीतीतही एक उणीव होती. निवड माणसाच्या हाताने झाली होती, आणि हात प्रामाणिक असला तरी मन नकळत कलते. म्हणून पुढे निवडच चिठ्ठीवर सोपविण्यात आली. 1947 साली ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा घेतली, तेव्हा औषध कोणाला द्यायचे हे यदृच्छेने निघालेल्या अंकांवरून आधीच ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवले होते. शेतकरी मंडळींना हे नवे वाटू नये. पीक कापणी प्रयोगात तुकडा कोठे आखायचा हे ना तलाठी ठरवितो ना शेतकरी, ते अंकांवरून निघते. ही शिस्त आपल्या देशात रुजविण्यात पांडुरंग सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. शेताच्या मधोमध उभे पीक पाहून उतारा ठरविला तर सरकार फसेल, बांधाकडचे मरतुकडे पाहून ठरविला तरीही फसेलच.

पण सर्व ठिकाणी चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. कोणी धुळीत काम करावे आणि कोणी करू नये, हे चिठ्ठीने ठरविणे अमानुष होईल. तेथे दुसरा मार्ग धरावा लागतो. वय वयाशी, जुना कामगार जुन्याशी, विडी ओढणारा विडी ओढणाऱ्याशी, असे थर पाडून ताडून पाहायचे. आणि त्याहीआधी एक काम करायचे, यादीतून गळालेल्यांना शोधायचे.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. आमच्या भागातील एका जिनिंग कारखान्यात रुईच्या तुसाने कामगारांना दम लागतो, अशी आमची तक्रार होती. मालकाने हजेरीपट पुढे केला आणि म्हणाला, "पाहा, माझी माणसे गावातल्या माणसांपेक्षा ठणठणीत आहेत." पटावरची माणसे खरोखरच ठणठणीत होती. आम्ही निरुत्तर होऊन परतलो. रात्री एका म्हाताऱ्या सोबत्याने विचारले, "अहो, पण जे खोकत होते ते आता पटावर कुठं आहेत?" तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. जो खोकला तो कामावरून गेला, आणि जो गेला त्याचे नाव पटावरून गेले. आम्ही जुने पट मिळविले आणि सोडून गेलेल्यांच्या घरोघर हिंडलो. ओसरीवर खाटेला खिळलेली माणसे भेटली. त्यांची नावे जोडून यादी पुन्हा मांडली, तेव्हा बोलणी पुढे सरकली. काही सोबत्यांना मात्र तोवर उशीर झाला होता.

तेव्हा श्रोतेहो, कोणी आकडा पुढे केला की दबून जाऊ नका आणि तो फेकूनही देऊ नका. एवढेच विचारा की, कोणाची तुलना कोणाशी केली, कोणी निवडले, आणि यादीतून कोण गळाले? उमरखाडीची अर्धी रांग आणि उंढेऱ्याचे अर्धे घर यांनी हेच तीन प्रश्न आपल्या हाती दिले आहेत. ते विचारायला पदवी लागत नाही.